नवशिक्याची पहिली मोटारसायकल

घरात पहिली मोटारसायकल घ्यावयाची ठरली म्हणजे घरातील प्रत्येकाला त्याविषयी काही ना काही मत असते. वडील किमतीचा आणि पेट्रोलच्या खर्चाचा हिशेब मांडतात. आईला मुलगा किंवा मुलगी संध्याकाळी सुखरूप घरी येण्याची काळजी असते. धाकट्या भावंडांना रंग हवा असतो आणि मित्रमंडळींना आवाज. दुकानात पाऊल टाकताच विक्रेता महिन्याच्या हप्त्याचा आकडा पुढे करतो. मतांच्या या गर्दीत एक साधा प्रश्न मात्र बहुधा कोणी विचारीत नाही. जिच्यावर हात बसवावयाचा आहे ती गाडी आणि हात बसल्यावर जी हौसेने वापरावयाची ती गाडी, या दोन्ही एकच असाव्यात काय?

हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नाही. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२२ या वर्षाचे अपघातांचे जे आकडे प्रसिद्ध केले, त्यांनुसार त्या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १ लक्ष ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवर बसलेली होती, आणि हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या सुमारे ५० हजार होती. हे सगळेच नवशिके होते असे नव्हे. परंतु ज्या वाहनावर माणसाभोवती ना पत्रा असतो ना काच, त्या वाहनाची पहिली ओळख कशी व्हावी, याचा विचार घरातील वडीलधाऱ्यांनी थोडा वेळ थांबून करावा, एवढे गांभीर्य या आकड्यांत निश्चितच आहे.

मोटारसायकलचा जन्मच मुळी लहान आकारात झाला. जर्मनीत गोटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ साली लाकडी सांगाड्यावर पेट्रोलचे इंजिन बसवून जी दुचाकी तयार केली, तिची शक्ती अवघी अर्ध्या अश्वशक्तीच्या आसपास होती. ताशी सुमारे १२ किलोमीटर हा तिचा वेग. तोल जाऊ नये म्हणून तिला दोन्ही बाजूंस एकेक लहान चाकही जोडलेले होते. लहान मुलाच्या सायकलला आजही तशीच चाके लावतात. ज्यांनी हे वाहन निर्माण केले, त्यांनाही आरंभी आधार आणि सावकाशी या दोन गोष्टी आवश्यक वाटल्या, हे नवशिक्याने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

भारतात मोटारसायकलचे चित्र पुष्कळ काळ वेगळे होते. १९५५ साली मद्रासेत बुलेटची जुळणी सुरू झाली, आणि १९६० नंतर म्हैसूरच्या कारखान्यातून जावा बाहेर पडू लागली. 'फटफटी' हा शब्द घराघरांत रुजला तो याच गाड्यांच्या आवाजामुळे. त्या मजबूत होत्या, पण वजनदार होत्या, आणि थंडीच्या सकाळी किक मारून त्या सुरू करणे हा एक व्यायामच होता. पुढे १९८०च्या दशकात जपानी कंपन्यांच्या सहकार्याने १०० सी.सी.च्या हलक्या गाड्या येथे बनू लागल्या. १९८५ साली आलेली हीरो होंडाची सीडी १०० आणि त्याच वर्षीची यामाहाची आरएक्स १०० यांची नावे पुष्कळांना आठवत असतील. त्यानंतर शिक्षक, टपालखात्यातील कर्मचारी, दूधवाले, औषधांचे फिरते विक्रेते अशा हजारो लोकांचा संसार या लहान इंजिनांवर चालला. गोव्यात पिवळ्या-काळ्या रंगाच्या मोटारसायकलींवरून उतारूंची ने-आण करणारे 'पायलट' आपली रोजची रोटी दुचाकीवरच कमावीत आले आहेत. रोजच्या कष्टाला जी लहान गाडी पुरली, ती शिकण्याच्या कामाला अपुरी पडेल असे मानण्याचे काहीच कारण नाही.

आता 'लहान' म्हणजे काय, ते प्रथम स्पष्ट करून घेतले पाहिजे. गाडीच्या नावापुढे जो सी.सी.चा आकडा असतो, तो इंजिनच्या सिलिंडरमध्ये पिस्टनच्या हालचालीने व्यापल्या जाणाऱ्या जागेचे माप घन सेंटिमीटरमध्ये सांगतो. ही जागा जितकी मोठी, तितके हवेचे आणि पेट्रोलचे मिश्रण एका वेळी अधिक जळते, आणि सामान्यतः तितकी शक्ती अधिक. आज बाजारात मिळणाऱ्या १०० सी.सी.च्या साध्या गाडीची शक्ती सुमारे ८ अश्वशक्ती आणि वजन ११० ते ११५ किलोच्या आसपास असते. १२५ सी.सी.ची शक्ती १० ते ११ अश्वशक्तीपर्यंत जाते. वजनात मात्र फारसा फरक पडत नाही. १५० ते १६० सी.सी.ची गाडी १४० ते १५० किलोपर्यंत पोहोचते, आणि ३५० सी.सी.ची बुलेट १९० किलोंच्याही पुढे जाते. मात्र केवळ सी.सी.वरून सर्व काही कळते असे नाही. एखादी २०० सी.सी.ची शर्यतीच्या धर्तीवर बांधलेली गाडी ३५० सी.सी.च्या शांत गाडीपेक्षा अधिक शक्तिमान आणि अधिक चपळ असू शकते. म्हणून पहिली गाडी निवडताना सी.सी., शक्ती आणि वजन हे तिन्ही आकडे एकत्र पाहावेत.

वजनाला इतके महत्त्व कशासाठी, असे कोणी विचारील. गाडी वेगात असताना तिचे वजन जाणवत नाही, हे खरे. फिरणारी चाकेच तिला सरळ राहण्यास साह्य करतात. परंतु नवशिक्या पडतो तो बहुधा वेगात नव्हे, तर थांबताना, वळताना आणि निघताना. चौकात सिग्नल लागला, पाय टेकवला आणि नेमका तेथे खड्डा निघाला. अरुंद बोळात गाडी वळवताना हँडल पूर्ण फिरवले आणि त्याच क्षणी इंजिन बंद पडले. अंगणातील उतारावर स्टँड काढला आणि गाडी मागे सरकू लागली. अशा वेळी ११० किलोची गाडी मांडीच्या आणि दंडाच्या जोरावर सावरता येते. १९० किलोची गाडी एकदा विशिष्ट कोनापलीकडे कलली, की धट्टाकट्टा मनुष्यही तिला रोखू शकत नाही. आणि ती पडल्यावर भर रहदारीत एकट्याने उचलणे हा प्रसंग नवशिक्याचा आत्मविश्वास कायमचा खचविण्यास पुरेसा असतो.

दुसरे कारण मनाचे आहे. मोटारसायकल शिकणे म्हणजे दोन्ही हात आणि दोन्ही पाय यांना एकाच वेळी चार निराळी कामे शिकविणे होय. डावा हात क्लच सांभाळतो, उजवा हात रेस देतो आणि पुढचा ब्रेक लावतो, डावा पाय गियर बदलतो, उजवा पाय मागचा ब्रेक दाबतो. ही कामे सवयीची होईपर्यंत माणसाचे सारे चित्त त्यांतच गुंतलेले असते, आणि रस्त्यावरील खड्डा, वळणारी रिक्षा किंवा धावत येणारे मूल यांच्यासाठी फारच थोडे लक्ष शिल्लक राहते. लहान इंजिन येथे मोठी दया करते. मनगट चुकून थोडे अधिक पिळले गेले, तरी ते हळूहळू वेग घेते. शक्तिमान इंजिन त्याच चुकीला एका झेपेने उत्तर देते. त्या झेपेने शरीर मागे जाते, मूठ आणखी पिळली जाते, आणि समोरची भिंत चालकाला दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. चूक दोघांकडून सारखीच होते, पण एका गाडीवर ती धडा ठरते आणि दुसरीवर दुर्घटना.

वेगाचे गणितही सर्वांना ठाऊक असावे. वेग दुप्पट झाला की गाडीतील गतिज ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. आणि ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचे अंतरही त्याच प्रमाणात वाढते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारा मनुष्य संकट पाहून ब्रेककडे हात नेईपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, तर तेवढ्यात गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते. आणि कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ती थांबण्यास आणखी सुमारे १२ मीटर लागतात. एकूण २३ मीटर. ताशी ८० किलोमीटर वेगाला हेच हिशेब अनुक्रमे २२ आणि ४९ मीटर, म्हणजे एकूण सुमारे ७१ मीटर होतात. रस्ता ओला असेल किंवा वाळू पसरलेली असेल, तर अंतर आणखी वाढते. लहान गाडीलाही ताशी ८० किलोमीटर गाठता येतात. परंतु तेथवर पोहोचण्यास ती वेळ घेते, आणि तिच्या आवाजातून व थरथरीतून चालकाला आपण किती वेगात आहोत याची जाणीव देते. मोठी गाडी तोच वेग सहज आणि गुपचूप गाठते.

इतर देशांतील कायद्यांनी हाच विचार नियमांत बांधला आहे. ब्रिटनमध्ये १९६१ पासून शिकाऊ चालकाला २५० सी.सी.पेक्षा मोठी मोटारसायकल चालविण्याची मनाई झाली, आणि १९८३ साली ही मर्यादा १२५ सी.सी.वर आणली गेली. युरोपीय संघातील परवान्याची पहिली पायरी १२५ सी.सी. व ११ किलोवॅट, दुसरी ३५ किलोवॅट, आणि त्यानंतर अनिर्बंध, अशी आहे. जपानमध्येही लहान, मध्यम व मोठ्या मोटारसायकलींचे परवाने वेगवेगळे आहेत. भारतात तशा पायऱ्या नाहीत. गियरच्या मोटारसायकलचा परवाना एकदा मिळाला, की १०० सी.सी. आणि १००० सी.सी. यांत कायदा भेद करीत नाही. म्हणजे जी पायरी तेथे सरकारने बांधून दिली आहे, ती येथे घरच्यांनी आणि स्वतः शिकणाऱ्याने बांधावयाची आहे.

तरीही कायद्याने घातलेली बंधने थोडी नाहीत, आणि ती गाडी घेण्यापूर्वीच समजून घेतली पाहिजेत. १९८८च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर मोटारसायकल चालविण्याचे वय १८ वर्षे आहे. फक्त ५० सी.सी.पर्यंतच्या दुचाकीपुरती १६ वर्षांची सवलत आहे. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, आणि तो मिळाल्यापासून ३० दिवस झाल्यावाचून पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही. शिकणाऱ्याच्या गाडीवर पुढे व मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगात 'एल' अक्षर असावे लागते, आणि शिकविणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणाला मागे बसविता येत नाही. या शेवटच्या नियमाकडे सर्रास काणाडोळा होतो. मागे एक माणूस बसला की गाडीचा तोल, ब्रेकचे अंतर आणि वळण्याची रीत हे सर्व बदलते. म्हणून हा नियम कागदी नाही. अल्पवयीन मुलाच्या हाती किल्ली देणाऱ्या पालकांनी तर २०१९ची दुरुस्ती अवश्य लक्षात घ्यावी. मुलाकडून गुन्हा घडल्यास पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळावे. दुकानात गाडी पाहावयास जाताना शिकणाऱ्याने स्वतः जावे आणि रोजच्या वापरातील पादत्राणे घालून जावे. गाडीवर बसल्यावर दोन्ही पायांचे तळवे, निदान त्यांचा पुढचा निम्मा भाग, जमिनीला नीट टेकला पाहिजे. साध्या १०० सी.सी.च्या गाडीची बैठक जमिनीपासून ७८५ मिलिमीटरच्या आसपास असते. डोंगरी रस्त्यांसाठी बांधलेल्या काही गाड्यांची ८२५ पर्यंत जाते. चार सेंटिमीटरचा हा फरक ऐकण्यास किरकोळ वाटतो, परंतु पाच फूट दोन इंच उंचीच्या माणसाला तोच टेकलेल्या पायात आणि लोंबकळत्या पायात फरक करणारा ठरतो. मुलींनी गाडी पाहताना हे विशेष तपासावे. 'ही बायकांची गाडी नव्हे' असे सांगणारा विक्रेता भेटलाच, तर त्याचे न ऐकता स्वतःच्या पायांना विचारावे.

त्यानंतर गाडी स्टँडवरून काढून इंजिन बंद ठेवूनच दहा-वीस पावले पुढे व मागे ढकलून पाहावी, आणि मधल्या स्टँडवर चढवून पाहावी. हे ज्याला धाप न लागता जमते, त्याला ती गाडी पेलेल. हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण फिरवून ते पोटाला किंवा गुडघ्याला लागत नाही ना, ते बघावे. क्लचची आणि ब्रेकची मूठ बोटांच्या मधल्या पेरांत येते की केवळ टोकांत, हे तपासावे. लहान हाताच्या माणसाला टोकांनी क्लच धरून शहरभर फिरणे शक्य होत नाही. गियरची रचना सर्व गाड्यांत एकसारखी नसते. बहुतेक गाड्यांत पहिला गियर खाली आणि पुढचे वर असतात. काही लहान गाड्यांत मात्र सर्व गियर एकाच दिशेने पडतात. ज्या गाडीवर शिकावयाचे आणि ज्या गाडीवर परीक्षा द्यावयाची, त्यांची रचना शक्यतो एकच असावी. मागे बसणाऱ्यांच्या साडीसाठी किंवा ओढणीसाठी मागच्या चाकाला जाळी असते. ती दिसण्यात अडाणी वाटते म्हणून काढून टाकण्याचा आग्रह धरू नये. चाकात अडकलेल्या पदराने किती घरांवर आघात झाला आहे, हे जुनी माणसे सांगू शकतील.

ब्रेकविषयी एक गैरसमज आपल्याकडे फार जुना आहे. 'पुढचा ब्रेक लावू नकोस, उलटशील', असे सायकल शिकवितानाच मुलांना सांगितले जाते. वस्तुतः ब्रेक लावताच गाडीचे वजन पुढच्या चाकावर येते, आणि म्हणून थांबविण्याचे बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. तो झटका देऊन न लावता हळूहळू पण दमदारपणे दाबावयाचा असतो, आणि त्याच्या जोडीला मागचा. नवशिक्याचा हात भीतीने आवळला जातो, म्हणूनच सुरक्षिततेची दोन साधने महत्त्वाची ठरतात. एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.पेक्षा मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी योजना, सक्तीची झाली. आणि तेथपर्यंतच्या लहान गाड्यांना एबीएस किंवा सीबीएस, म्हणजे एक ब्रेक दाबताच दोन्ही चाकांना ब्रेक लावणारी योजना. त्याआधीची जुनी गाडी घेणाऱ्याने ही साधने तिच्यात नसतील हे गृहीत धरून चालावे. पुढे डिस्क ब्रेक असलेली गाडी मिळत असेल, तर थोडे पैसे अधिक मोजण्यास हरकत नाही. तो खर्च रंगावर केलेल्या खर्चापेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडतो.

गाडी ज्या मातीत चालवावयाची, त्या मातीचाही विचार हवा. बेळगावच्या किंवा गोव्याच्या पावसात चार महिने रस्ता ओला असतो, आणि चोर्ला घाटाची वळणे धुक्यात हरवतात. तेथे चांगल्या खाचांचे टायर, पुरेसा लांब मडगार्ड आणि प्रखर दिवा हे शक्तीपेक्षा महत्त्वाचे. घाट उतरताना नवशिक्याने इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडण्याचा मोह टाळावा. चढताना जो गियर लागला असता, त्याच गियरमध्ये उतरावे, म्हणजे इंजिन स्वतःच गाडीला आवरते आणि ब्रेक तापत नाहीत. इंदूरच्या राजवाड्याभोवतीची किंवा वडोदऱ्याच्या मांडवीची गर्दी, ग्वाल्हेरच्या लष्करातील आणि हैदराबादच्या सुलतान बाजारातील दाटी यांत क्षणाक्षणाला थांबावे आणि निघावे लागते. तेथे हलका क्लच आणि अरुंद हँडल हेच खरे सुख. उलट ज्याला रोज महामार्गावरून ट्रकांच्या रांगेत तीस-चाळीस किलोमीटर जावे लागणार आहे, त्याने अगदी लहान गाडीचा हट्ट धरू नये. आजूबाजूच्या रहदारीपेक्षा फार मंद असणे हेही संकटच असते. अशा माणसाला, तसेच अंगाने भरदार असणाऱ्याला, १२५ ते १६० सी.सी.ची शांत स्वभावाची गाडी अधिक योग्य. लहान म्हणजे लहानात लहान, असा अर्थ नाही; चालकाच्या शक्तीला आणि त्याच्या वाटेला पुरेल एवढी, असा आहे.

नवी घ्यावी की सेकंडहँड, हा पुढला प्रश्न. शिकताना गाडी एकदोनदा आडवी होणार, इंडिकेटर फुटणार आणि टाकीवर ओरखडा येणार, हे गृहीतच धरावे. त्यामुळे पहिल्या वर्षासाठी चांगली जुनी गाडी पुष्कळदा शहाणपणाची ठरते. ती पाहावयास सकाळी, इंजिन थंड असताना जावे. मालकाने आधीच सुरू करून ठेवली असेल, तर त्यामागचे कारण विचारावे. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल, तर इंजिन ऑइल जाळीत आहे असे समजावे. चेनच्या दातेरी चाकाचे दात करवतीसारखे टोकदार झाले नाहीत ना, पुढच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरमधून तेल गळत नाही ना, आणि हँडल सरळ धरले असता चाकही सरळ राहते ना, हे बघावे. वाकडे हँडल जुन्या अपघाताची साक्ष देते. ओळखीचा मेकॅनिक सोबत नेला, तर त्याची मजुरी वाया जात नाही.

कागदपत्रांत तर याहून अधिक दक्षता हवी. आरसी बुकावरील इंजिन क्रमांक व चॅसिस क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी जुळवून पाहावेत. बँकेचा बोजा उतरला आहे का, विमा आणि प्रदूषणाचे प्रमाणपत्र चालू आहे का, जुने दंड थकले आहेत का, हे विचारावे. खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांपर्यंत असते, हेही लक्षात घ्यावे. सीमाभागातील लोकांना आणखी एक गोष्ट जपावी लागते. कोल्हापुरात किंवा पणजीत गाडी स्वस्त मिळाली म्हणून ती बेळगावात आणली, तर मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला लागतो. आणि गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाची असल्यास तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो व त्या राज्याचा करही भरावा लागतो. हा खर्च मांडल्यावर स्वस्त गाडी स्वस्त राहते की नाही, ते आधीच पाहावे. नोंदणी विकणाऱ्याच्याच नावावर ठेवून केवळ तोंडी विश्वासावर गाडी वापरणे दोघांनाही महाग पडते. उद्या अपघात झाला, तर पहिली नोटीस जुन्या मालकाच्या दारी येते.

या सर्व सल्ल्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. लहान गाडीचा वर्षभरात कंटाळा येईल, मग मोठी घ्यावीच लागेल; एकाच कामाला दोनदा पैसे कशाला? आक्षेप अगदीच खोटा नाही. परंतु लहान गाड्यांना आपल्याकडे गिऱ्हाईक सदैव असते, आणि नीट ठेवलेली गाडी वर्षाने विकली तर होणारा तोटा फार मोठा नसतो. त्या तोट्याला शिकवणीची फी समजावे. शिवाय ज्याला वर्षभराने मोठी गाडी खरोखरच हवीशी वाटते, तो तोपर्यंत ब्रेकचे अंतर ओळखू लागलेला असतो, पावसाळा पाहून चुकलेला असतो, आणि आपल्याला काय पाहिजे हे जाहिरातीवरून नव्हे तर अनुभवावरून सांगू शकतो. पुष्कळांना तर तेव्हा कळते, की मोठी गाडी हवी होती ती रस्त्यासाठी नव्हे, लोकांनी वळून पाहावे म्हणून.

गाडीच्या किमतीतून काही पैसे आधीच बाजूला काढून ठेवावेत, ते हेल्मेटसाठी. आयएसआयची खूण आणि त्याखाली आयएस ४१५१ हा क्रमांक असलेले, डोक्यावर घट्ट बसणारे आणि पट्टा लावून मान हलविली तरी न हलणारे हेल्मेट घ्यावे. दंड चुकविण्यासाठी रस्त्याकडेला मिळणारी प्लॅस्टिकची टोपी दंड कदाचित चुकवील. डोके चुकविणार नाही. हेल्मेट आरशावर किंवा कोपरात अडकविण्याची वस्तू नव्हे. मागे बसणाऱ्यालाही ते तितकेच आवश्यक असते, आणि चार वर्षांवरील प्रत्येकाला ते कायद्याने बंधनकारक आहे.

गाडी घरी आल्यावर पहिला महिना रस्त्याचा नव्हे, मैदानाचा मानावा. सकाळच्या वेळी मोकळ्या जागेत प्रथम केवळ क्लच सोडून रेस न देता गाडी चालू लागते तो बिंदू ओळखावा. मग सरळ रेषेत थांबणे आणि निघणे, मग सावकाश आठाचा आकडा, मग ठरलेल्या खुणेवर दोन्ही ब्रेक लावून थांबणे, असा क्रम ठेवावा. त्यानंतर गल्ली, त्यानंतर हमरस्ता, आणि अगदी शेवटी रात्र व पाऊस. घाई झाली असे वाटले, की एक पायरी मागे यावे. त्यात कमीपणा नाही.

लहान गाडीवर शिकलेला मनुष्य पुढे कोणत्याही गाडीवर बसला तरी दोन गोष्टी बरोबर नेतो: हाताला लागलेले वळण आणि मनात राहिलेली थोडीशी भीती. या भीतीला भित्रेपणा म्हणू नये. पोहणाऱ्याला नदीविषयी जो आदर असतो, त्याच जातीची ती आहे. मुलगा किंवा मुलगी गाडी काढून कोपऱ्यावरून वळली, म्हणजे आई दारात उभी राहून आवाज ऐकत असते. तो आवाज किती मोठा आहे याच्याशी तिला कर्तव्य नसते. तो संध्याकाळी पुन्हा ऐकू यावा, एवढेच तिला पाहिजे असते, आणि पहिली गाडी निवडताना हाच हिशेब सर्वांत वर लिहावा.